परमुलखात आपला माणूस धरला गेला तर



मागल्या आठवड्यात रात्रीच्या वर्गात एका मावशींनी आम्हाला विचारले, "पोरगा आखातात कामाला गेलाय. तिथं पोलिसांनी धरला, तर आम्ही इथं गंगाखेडात बसून काय करायचं?" मावशींचा मुलगा सुखरूप आहे. पण विचारले ते बरे केले. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

एक खरी हकीकत सांगतो. कुलभूषण जाधव हे आपल्या महाराष्ट्राचे, नौदलातले माजी अधिकारी. मार्च २०१६ मध्ये पाकिस्तानने त्यांना पकडल्याचे जाहीर केले. आरोप हेरगिरीचा. भारताचे म्हणणे असे की, ते इराणात व्यापार करीत होते, तिथून त्यांना पळवून नेले. एप्रिल २०१७ मध्ये तिकडच्या लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली. तोवर आपल्या वकिलातीच्या माणसाला एकदासुद्धा भेटू दिले नव्हते.

वकिलात म्हणजे परक्या देशातली आपल्या सरकारची कचेरी. नावावर जाऊ नका, तिथे काळे कोटवाले बसत नाहीत. १९६३ साली व्हिएन्ना शहरी देशादेशांत एक करार झाला. त्याचे ३६ वे कलम ध्यानात ठेवा. परदेशी माणसाला पकडले, तर 'तुझ्या वकिलातीला कळवू का?' हे त्याला विनाविलंब सांगावे लागते. तो हो म्हणाला, की कळवावे लागते. मग वकिलातीचा माणूस त्याला भेटू शकतो, वकील पाहून देऊ शकतो. गुन्हा केला असो वा नसो, हा हक्क सर्वांना आहे.

याच कलमावर भारत हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. भारताची बाजू हरीश साळवे यांनी मांडली, फी घेतली एक रुपया. मे २०१७ मध्ये न्यायालयाने फाशी थांबवली. १७ जुलै २०१९ रोजी निकाल दिला, की पाकिस्तानने करार मोडला, शिक्षेचा फेरविचार करावा. सुटका मात्र झाली नाही.

मधल्या काळात, २५ डिसेंबर २०१७ ला, त्यांची आई आणि पत्नी इस्लामाबादेला भेटायला गेल्या. मध्ये काचेची भिंत. भेटीआधी मंगळसूत्र, बांगड्या, टिकली उतरवायला लावली. आणि आईला मुलाशी मराठीत बोलू दिले नाही, असे भारत सरकारने दुसऱ्या दिवशी जाहीरपणे सांगितले. काय वाटले असेल त्या माउलीला! पण ती गेली. त्याआधी मुलासाठी अर्जही तिनेच केला होता.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. फोन आला, तर पहिली गोष्ट, लपवू नका. आपल्याकडे लोक चार महिने गप्प बसतात, गावात नाव जाईल म्हणून. तेवढ्यात तिकडे खटला उरकतो. त्या देशातल्या आपल्या वकिलातीला लगेच कळवा. परराष्ट्र मंत्रालयाची 'मदद' नावाची तक्रार नोंदवायची सोय संगणकावर आहे. सेवा केंद्रातल्या पोराला सांगा, तो भरून देईल. तक्रारीचा नंबर लिहून घ्या. परभणीला कलेक्टर कचेरीत अर्ज द्या, पोच मागा.

त्यासाठी पासपोर्टची नक्कल घरी हवी. पोरगा निघण्याआधीच ती काढून पेटीत ठेवा. मालकाचे नाव, कामाचा करारनामा, व्हिसा, सगळे त्यातच.

पोराला निरोप द्या, की वाचता येत नाही अशा कागदावर सही करू नको, दुभाषी माग. हे तुम्हाला आम्ही वेगळे सांगायला नको. अंगठा उठवून काय काय गेले, ते तुमच्यापैकी कितीकांना ठाऊक आहे.

वकिलात खटला मागे घेऊ शकत नाही, निकाल फिरवू शकत नाही. गरजू माणसाला वकिलाच्या खर्चासाठी मदत होऊ शकते, त्याकरिता २००९ पासून एक सरकारी निधी आहे, तो मागावा लागतो. म्हणून 'दोन लाख द्या, पोरगा उद्या सोडवतो' म्हणणारा दलाल दारात आला, तर जमीन गहाण टाकण्याआधी वकिलातीला विचारा. शिक्षा झालीच, तर काही देशांशी आपला करार आहे. २००३ च्या कायद्याप्रमाणे उरलेली शिक्षा भारतातल्या तुरुंगात भोगता येते. दोन्ही सरकारांची आणि कैद्याची संमती लागते.

आणि पत्र लिहीत राहा. खटल्याचे काही लिहू नका, ते दुसरे कोणी वाचतात. घरचे लिहा. सोयाबीन कसे आले, म्हैस व्याली का, धाकटी कितवीत गेली. मावशी, तुम्हाला आता जोडाक्षरे येतात. पहिले पत्र उद्याच्या वर्गात लिहू. पोरगा सुखरूप आहे, तरी लिहू.