केस सुटली का?

मी मुलुंडहून बोरिवलीला, तुमच्या या धर्मशास्त्राच्या अभ्यासवर्गात आलो. नकाशावर पाहिलं तर मुलुंड आणि बोरिवली सख्खे शेजारी, मध्ये फक्त राष्ट्रीय उद्यान. बिबट्या मनात आणील तर एका रात्रीत इकडून तिकडे. माणसाला मात्र दादरला जायचं, गर्दीत पूल चढायचा आणि पुन्हा उलटं वर यायचं. आज तो पूल चढता चढता मनात आलं, आपल्या धर्मशास्त्राच्या अभ्यासाचंही असंच झालंय. शिकणारा गोराईचा, ज्यांच्यासाठी शिकायचं ते गोराईचे, आणि विचार मात्र इंग्लंड-जर्मनीला वळसा घालून येतो. येतो तेव्हा दमलेला असतो. आज बोलायचंय ते या वळशाबद्दल.

तुमच्या चिटणीसबाईंनी मघाशी वर्गाची ओळख करून दिली. अंधेरीच्या इस्पितळातली एक परिचारिका रात्रपाळी संपवून शनिवारी वर्गाला येते आणि शेवटच्या बाकावर बसते, म्हणजे डुलकी लागली तर दिसू नये. रेल्वेतून निवृत्त झालेले दोन गृहस्थ आहेत. झारखंडच्या सिस्टर आहेत, मुलुंडचं एक मल्याळी जोडपं आहे, नगर-जालन्याकडून आलेल्या घरांतली मुलं आहेत, गोराई-मनोरीची ईस्ट इंडियन मंडळी आहेत, आणि एकजण वसईहून येतो, तो घरी कादोडी आणि वर्गात इंग्रजी बोलतो. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकाच बाकावर. माझ्या लहानपणी हे घडलं असतं तर आमच्या आजोबांनी आधी खिडक्या लावून घेतल्या असत्या.

अभ्यासक्रमही मी मागवून पाहिला. जुना करार, नवा करार, मंडळीचा इतिहास, नीतिशास्त्र, भारतातले धर्म, उपदेश कसा करावा, आणि हौशी लोकांसाठी ग्रीक. दर विषयाला दोन निबंध, तळटीपांसकट. हा पूर्णवेळ गुरुकुलातला अभ्यास नव्हे हे मला माहीत आहे. तिकडे गोरेगावला आरे रस्त्यावर सेंट पायस कॉलेजात जे धर्मगुरू व्हायला जातात ते आधी तत्त्वज्ञान, मग धर्मशास्त्र अशी वर्षानुवर्षं तिथेच राहून काढतात. त्यांना घंटा आहे, ग्रंथालय आहे, वेळेवर जेवण आहे. तुम्हाला आठ दहाची स्लो आहे. म्हणून तुमच्या प्रत्येक निबंधाला मी मनातल्या मनात पाच गुण आधीच देऊन टाकतो.

मी स्वतः शाळेत मराठी शिकवायचो. चाळिशी उलटल्यावर सेरामपूरच्या सेनेटचा बहिःस्थ अभ्यासक्रम घेतला. सेरामपूर म्हणजे कॅरी, मार्शमन, वॉर्ड यांनी १८१८ साली हुगळीच्या काठी काढलेलं कॉलेज. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली, कारण ते गाव तेव्हा डॅनिश होतं. मराठीच्या शिक्षकाला त्या नावाचं वेगळं अप्रूप. विल्यम कॅरीने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० साली मराठीचा कोश, तोही मोडी लिपीत. बंगालमध्ये बसून, पंडित वैजनाथांच्या मदतीने. अशा संस्थेच्या अभ्यासक्रमाचे माझे सगळे निबंध मी इंग्रजीत लिहिले. कोणी सक्ती केली नव्हती. पुस्तकं इंग्रजीत, संज्ञा इंग्रजीत, मग उत्तरही इंग्रजीत उतरायचं. उताराला पाणी जावं तसं.

पौलाचं रोमकरांस पत्र मी असंच केलं. नीतिमान ठरवलं जाणं या विषयावर बारा पानं. ल्यूथर काय म्हणाला, त्याला रोमने काय उत्तर दिलं, तळटीपा एकोणतीस. गुण चांगले पडले. त्याच आठवड्यात मुलुंडला एका घरी प्रार्थनासभा होती आणि पाळकसाहेबांनी ऐनवेळी मला उभं केलं. मी बारा पानांचं मराठी करून बोललो. ‘नीतिमत्त्वाचे आरोपण’ हे शब्द मी त्या दिवशी उच्चारले, देव मला क्षमा करो. वीस मिनिटांनी खाली बसलो. दाराशी एक बाई बसल्या होत्या, महापालिकेच्या सफाई खात्यात कामाला होत्या. त्यांच्या मुलावर मारामारीची केस चालू होती, मुलुंड कोर्टात तारखांवर तारखा पडत होत्या. त्यांनी विचारलं, “सर, म्हणजे केस सुटली का?”

मी म्हटलं, हो, तसंच काहीसं.

“पण गुन्हा तर केलेला हाय ना?”

हो, केलेला आहे.

“मग वकिलाचं पैसं कुणी भरलं?”

खोलीत कोणी हसलं नाही. मीही नाही. कारण पौलाने वापरलेला शब्द खरोखरच न्यायालयातला आहे, हे माझ्या सातव्या तळटीपेत होतं. आणि शेवटचा प्रश्न म्हणजे तर ख्रिस्ताच्या मरणाचा सगळा विषयच. चारशे-पाचशे वर्षं विद्वान ज्यावर भांडले ते त्या बाईंनी तीन प्रश्नांत ओळीने लावून दिलं होतं.

ग्रीक घेतलेले कोण आहेत इथे? हात वर करा. चार. चौघांनाही ‘लुओ’ पाठ असणार. ग्रीक शिकणारा पहिलं क्रियापद घोकतो ते हेच: लुओ, लुएइस, लुएइ. अर्थ सोडणे, मोकळं करणे. मी लोकलच्या दारात उभं राहून दोन वर्षं घोकलं. तरी ‘सुटणे’ हा शब्द मला सुचला नाही, त्या बाईंना सुचला.

तेव्हापासून माझं एक मत झालंय आणि ते मी ठिकठिकाणी सांगत फिरतो. ज्यांच्यासाठी शिकायचं त्यांच्या भाषेत निबंध लिहिला नाही, तर तो अर्धाच लिहून झालेला असतो. लोकांना समजावं म्हणून सोपं करून सांगा असं मी म्हणत नाहीये. माझं म्हणणं उलटं आहे. मराठीत लिहायला घेतलं की आपल्यालाच विषय किती कळलाय ते उघडं पडतं. इंग्रजी संज्ञेच्या मागे लपता येतं. मराठीत समोरचा ‘म्हणजे काय?’ विचारतो.

असे प्रश्न विचारणारे आपल्याकडे फार पूर्वीपासून आहेत. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लिश जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला. स्टीफन्सने क्रिस्तपुराण लिहिलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि १६१६ साली ते रायतूरला छापलं. पण ते लिहायचं का सुचलं? पुराणाच्या सुरुवातीलाच ती हकिगत येते. साष्टीत धर्मशिकवणीचा वर्ग चालू आहे, आणि नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण उठून पाद्रीगुरूला विचारतो: आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्ही वाचायचं काय? तुमचंही एखादं पुराण आम्हाला का करून देत नाही?

या प्रश्नात एक दुखरी जागा आहे आणि ती झाकून पुढे जायला मी तयार नाही. पुराणं बंद केली होती. माणसाच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं होतं, म्हणून त्याने दुसरं मागितलं. इथून जवळच मंडपेश्वरला जा. आठव्या शतकाच्या सुमाराची शैव लेणी, आणि त्यांच्या माथ्यावर सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी बांधलेल्या मठाच्या भिंती. आत एका शिल्पपटाच्या जागी क्रूस कोरलेला दिसतो. तिथे मुलांसाठी शाळाही चालायची. म्हणजे बोरिवलीतला ख्रिस्ती अभ्यासवर्ग ही काही आजची गोष्ट नाही, तुम्हाला साडेचारशे वर्षांचे थोरले वर्गबंधू आहेत. मंडळीच्या इतिहासाचा तास एकदा त्या लेण्यात घ्या, अशी तुमच्या शिक्षकांना माझी विनंती. अभिमान आणि ओशाळलेपण दोन्ही एकाच दगडात बघायला मिळेल.

पण स्टीफन्सची थोरवी अशी की वर्गातल्या प्रश्नाला त्याने वर्गातल्या भाषेत उत्तर दिलं. लॅटिन त्याला येत होतंच. ओवी त्याने इथे येऊन शिकली. स्वर्गाला तो बिनदिक्कत वैकुंठ म्हणतो. आणि ती साष्टी गोव्याची असली तरी आपणही साष्टीकरच. मुंबईच्या या बेटाचं नावही साष्टीच, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि पलीकडे आमच्या मुलुंडपर्यंत. तेव्हा तो प्रश्न आपल्याही वर्गाचाच समजा.

आता माझ्या खऱ्या आवडीच्या विद्यार्थिनीबद्दल. पंडिता रमाबाई. भागवत तोंडपाठ असलेल्या घरातली ही मुलगी. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. संस्कृत तिच्या जिभेवर होतं. तिने ठरवलं असतं तर असं भारदस्त मराठी बायबल लिहिलं असतं की शास्त्रीबुवांनीही मान डोलावली असती. तिने काय केलं? उतारवयाकडे झुकताना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक शिकली. शेकडो अनाथ मुली, विधवा, दुष्काळातून आलेल्या बायका यांच्या जेवणाखाण्याची व्यवस्था बघता बघता. आणि मग अख्ख्या बायबलचं भाषांतर करायला बसली, तेही जाणूनबुजून साध्या मराठीत, खेड्यातल्या बाईला वाचता यावं म्हणून. खिळे जुळवले ते तिथल्याच बायकांनी, छपाई तिथल्याच छापखान्यात. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तेव्हा काम नुकतं हातावेगळं झालं होतं. पुस्तक १९२४ साली बाहेर आलं.

जरा विचार करा. तिच्यासमोर कच्चं वाचायला जी बाई बसली असेल ती काल-परवापर्यंत निरक्षर होती. तिला एखादा शब्द अडला की पंडिता रमाबाई सरस्वतीला थांबावं लागत असणार. असा परीक्षक तुमच्यापैकी किती जणांना मिळाला आहे?

मघाशी तुम्ही उधळ्या पुत्राची नाटिका केलीत. मी खुर्चीवरून प्रेक्षकांकडे बघत होतो. पहिली दहा मिनिटं सगळे छापील मराठीत बोलत होते आणि मागच्या रांगेतले मोबाइल बघत होते. मग बाप झालेल्या त्या गोराईच्या विद्यार्थ्याने संहिता बाजूला ठेवली आणि घरच्या बोलीत मुलाला हाक मारली. मोबाइल खाली गेले. पलीकडे खायचे फुगे तळत असलेल्या मावशीसुद्धा झारा हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या नाटिकेला तुम्ही उत्तेजनार्थ बक्षीस ठेवलंय असं कळलं. मला विचाराल तर पहिलं द्या.

इंग्रजी टाकून द्या असं कोणी ऐकलं असेल तर तो माझ्या बोलण्याचा दोष. पुस्तकं तिथेच आहेत, आणि झारखंडच्या सिस्टरना तर मराठीसुद्धा वळसा घालूनच यावं लागतं. त्यांनी आपल्या भाषेत लिहावं, कुडुखमध्ये, संतालीत, जी असेल तीत. मल्याळी जोडप्याने मल्याळीत. तपासणार कोण, ही अडचण मला दिसते. ज्यांना ती भाषा येते त्यांना शोधायचं. चर्चमध्ये, कामाच्या ठिकाणी, शेजारच्या इमारतीत माणसं असतात.

तेव्हा शिक्षकांकडे माझी एकच मागणी. दर विषयाला दोन निबंध आहेत, त्यांतला एक घरच्या भाषेत घ्या. आणि तो देण्याआधी विद्यार्थ्याने धर्मशास्त्र न शिकलेल्या एका माणसाला वाचून दाखवावा. त्या माणसाने विचारलेले प्रश्न निबंधाच्या शेवटी लिहावेत, तळटीपांच्या जागी. उत्तरं आली नाहीत तरी प्रश्न लिहावेत. परिचारिकाबाई, तुम्ही रात्रपाळीतल्या आयाबाईंना वाचून दाखवा. रेल्वेवाल्या काकांनी चहाच्या टपरीवर.

मराठी निबंध तपासायला माणूस नाही ही सबब चालणार नाही, कारण मी आहे. निवृत्त झालो तरी लाल शाईच्या दोन बाटल्या कपाटात तशाच पडून आहेत. माझा पत्ता चिटणीसबाईंकडे दिलाय. शनिवारी वर्ग सुटल्यावर गठ्ठा बांधून पाठवा, दादरमार्गे.