सागरतळावरील युद्धनौका आणि त्यांचे अवशेष

(लासूर स्टेशन येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लासूर स्टेशनहून समुद्र पाहावयाचा तर मनमाडमार्गे मुंबईची गाडी धरावी लागते. तेव्हा बुडालेल्या युद्धनौकांशी गंगापूर तालुक्याचा संबंध काय, असा प्रश्न कोणासही पडेल. परंतु नांगराच्या फाळाला लागलेले नाण्यांचे मडके आणि सागरतळावर पडलेली जहाजाची घंटा, या दोहोंबाबत विचारावयाचे एकच असते : ही वस्तू कोणाची, आणि ती उचलावी काय?

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर ‘खुकरी’ ही भारतीय युद्धनौका पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने बुडविली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी अखेरपर्यंत नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. नौकेबरोबर गेलेल्यांच्या घरी ना देह आला, ना अस्थी. अस्थिविसर्जनावाचून अंत्यविधी पुरा झाला असे ज्यांच्या मनास वाटत नाही, अशा कुटुंबांना ती नौका हीच समाधी ठरली. तेथील एखादी वस्तू हौसेखातर वर आणणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

शत्रूच्या नौकेबाबत कसोटी अधिक कठीण. त्याच युद्धाच्या प्रारंभी विशाखापट्टणमजवळ ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी ९३ जणांसह बुडाली. आपल्या नौदलाचे पाणबुडे तिच्यापर्यंत उतरले आणि त्यांनी काही कागदपत्रे व वस्तू वर आणल्या. युद्ध चालू होते. तिची ओळख पटविणे आवश्यकच होते. त्यात कोणी दोष काढू नये. पुढे नौदलाच्या खोल पाण्यातील बचावयानाने तोच सांगाडा शोधून काढल्याचे २०२४ साली जाहीर झाले; पण मृतांचा मान राखून त्याला हात लावण्यात आला नाही. या दोन वर्तनांत विसंगती नाही. गरज संपली होती, थडगे तेथेच होते.

मात्र ‘गरज’ हा शब्द हवा तसा ताणता येतो. १९४२ साली उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात बुडालेल्या ‘एडिंबरो’ या ब्रिटिश नौकेवर सोन्याच्या ४६५ विटा होत्या. १९८१ साली त्यांपैकी ४३१ वर काढण्यात आल्या. ती युद्धसमाधी असल्याने सुरुंग न लावता पोलाद कापून आत जाण्याची पद्धत स्वीकारली गेली. हे सौजन्य खरे; तरी सोने नसते तर तेथे कोण उतरले असते? जावाच्या समुद्रात तर तेवढेही सौजन्य उरले नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये बुडालेल्या ‘डी रॉयटर’ व ‘जावा’ या डच नौकांचा २०१६ साली शोध घेणाऱ्यांना तळाशी केवळ त्यांच्या आकाराचे ठसे आढळले. शेकडो खलाशांची समाधी भंगाराच्या भावाने गेली, असेच मानावे लागते.

लोखंड गंजून जाणारच, मग वस्तू वाचविण्यात गैर काय, असे विचारले जाते. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. शासनाने, आप्तांना विचारून, जागेची रीतसर नोंद ठेवून वस्तू वर आणली व ती संग्रहालयात ठेवली, तर तिच्याकडे पाहून पुढच्या पिढीस काही कळते. दिवाणखान्याच्या फळीवर गेलेली घंटा मुकी होते. बुडाली म्हणून युद्धनौकेवरील राष्ट्राची मालकी संपत नाही, हे तत्त्व सामान्यतः मान्य आहे. युनेस्कोचा २००१ चा करार पाण्याखालच्या वारशाचा व्यापार निषिद्ध मानतो, पण तो १०० वर्षे पाण्यात राहिलेल्या अवशेषांनाच लागू होतो. ‘खुकरी’ या कसोटीस २०७१ साली उतरेल. तोवर राखण लोकांच्या मनाचीच.

आता आपल्या शिवाराकडे वळू. दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी जमिनीत सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावे, असे १८७८ चा निखात निधी अधिनियम सांगतो; सापडविणाऱ्याच्या हक्काचाही त्यात विचार केलेला आहे. नाणी सराफाच्या मुशीत गेली की ती कोणत्या थरात, कशासोबत होती, हे कायमचे पुसले जाते. म्हणून असे काही निघताच जागेची खूण, खोली आणि दिवस गावच्या शिक्षकांनी वहीत टिपून ठेवावा. पंचनाम्याच्या वेळी तीच नोंद उपयोगी पडते.