उसातून रस्त्यावर

निफाड-सिन्नर भागात उसाचा फड हे बिबट्याचे घरच झाले आहे. ऊसतोड सुरू झाली की आडोसा जातो आणि जनावर रात्री रस्ते ओलांडू लागते. ताशी ८० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला २२ मीटर अंतर कापते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत उशीर झालेला असतो. प्रखर दिव्यांनी दिपलेले जनावर तर जागीच थबकते. समृद्धी महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी भुयारी मार्ग झाले. गावरस्त्यांना ते कोठून लाभणार? तेथे ग्रामपंचायतीने वळणावरील झुडपे तोडावीत आणि मेलेली गुरे रस्त्याकडेला टाकू देऊ नयेत. त्या वासावर कुत्री जमतात व कुत्र्यांमागे बिबट्या येतो. जखमी बिबट्याभोवती गर्दी न करता वन विभागास तत्काळ कळवावे.