तीस सेकंदांची सबुरी



लिनक्सवर चालणारा संगणक मध्येच अर्धा मिनिट गप्प होतो आणि पुन्हा कामाला लागतो. कर्नलच्या नोंदी उघडल्या, तर त्यात टाइमआउटची ओळ सापडते, पाठोपाठ लिंक रीसेट केल्याची. पुष्कळजण तिथेच निकाल देऊन टाकतात, की डिस्क गेली. माझं म्हणणं असं, की हा निकाल घाईचा आहे. ठरल्या वेळेत उत्तर आलं नाही, एवढंच ती ओळ सांगते. दोष कुणाचा, ते आपण शोधायचं असतं.

ही ठरलेली वेळ लिनक्समध्ये सहसा ३० सेकंदांची. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी तेवढ्यात ३६०० वेळा फिरते. तरीही ती वेळ अपुरी पडते, कारण घरगुती वापराच्या कित्येक डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर तो वाचण्याचा हट्ट मिनिटभराहूनही अधिक धरून बसतात. एकट्या डिस्कच्या बाबतीत हा हट्ट चांगलाच, कारण मजकुराची दुसरी प्रत नसते. पण रेडमध्ये, म्हणजे एकमेकींना आधार देणाऱ्या अनेक डिस्कच्या संचात, तोच घात करतो. ‘वाचता येत नाही’ असं डिस्कने वेळीच सांगितलं, तर रेड तो मजकूर इतर डिस्कच्या आधारे उभा करून तिथे पुन्हा लिहितो. ती गप्प राहिली, तर मात्र एका सेक्टरपायी अख्खी डिस्क संचाबाहेर जाऊ शकते. म्हणून रेडसाठीच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हात टेकतात. इतर काही डिस्कनाही ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने ही मर्यादा घालता येते, पण वीज गेली की बऱ्याच डिस्क ती विसरतात. ज्या ऐकतच नाहीत, त्यांच्यासाठी कर्नलचीच मुदत १८० सेकंदांपर्यंत वाढवावी.

तपास मात्र क्रमाने करावा. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिच्या, तक्त्यात १९७ क्रमांकाचा आकडा वाढत असेल, तर न वाचता येणारे सेक्टर साठत आहेत. १९९ वाढत असेल, तर संशय आधी केबलवर घ्यावा. हा आकडा मागे येत नाही. केबल बदलल्यावर तो थांबला का, एवढंच पाहायचं. अनेक डिस्क एकाच वेळी अडखळल्या, तर वीजपुरवठा आणि कंट्रोलर तपासावा.

तक्ता स्वच्छ दिसला म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकामी झालेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी स्मार्टमधून कोणतीच पूर्वसूचना दिली नव्हती.

तेव्हा टाइमआउटची पहिली ओळ दिसताच आधी मजकुराची प्रत दुसरीकडे काढा, ती उघडते याची खात्री करा आणि मगच केबलला हात लावा. केबल बाजारात मिळते, डिस्कही मिळते. तुमचा मजकूर कुठल्याच दुकानात मिळत नाही.