गुटख्यावर बंदी, साध्या तंबाखूवर नाही



महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली.
त्याआधी मुंबईच्या टाटा रुग्णालयातले डॉक्टर बंदीसाठी पुढे आले होते.
तोंडाच्या कर्करोगाचे रुग्णही पुढे आले.
त्यांचे चेहरेच पुरेसं बोलत होते.

पण लक्षात घ्या.
ही बंदी गुटख्यावर आहे, साध्या तंबाखूवर नाही.

असं का?
कारण बंदीचा कायदा अन्नसुरक्षेचा आहे.
खाण्याच्या पदार्थात तंबाखू नको, असं तो म्हणतो.
शिवाय बंदीचा आदेश एका वर्षापुरताच असतो.
दरवर्षी तो नव्याने काढावा लागतो.

साधी तंबाखू, विडी, सिगारेट मात्र उघड विकली जाते.

मग सगळ्यावरच बंदी का नको?
इथे आपण जरा अडखळतो.
गुटखा वाईट, हे पटकन पटतं.
आजोबांची चंची आणि आजीची मिश्री मात्र आपल्याला घरचीच वाटते.
सोलापुरात हजारो बायका विड्या वळून घर चालवतात.
त्यांचा प्रश्न खरा आहे.
पण त्यांच्या आडोशाने कंपन्यांनी सुटू नये, असं मला वाटतं.

पुन्हा सांगते, बंदी गुटख्यावर आहे, साध्या तंबाखूवर नाही.

सगळ्यावर बंदी येईपर्यंत एक करा.
तंबाखूच्या पुडीवर मदतीचा फोन क्रमांक छापलेला असतो.
तो विनामूल्य आहे.
सोडायची असेल, तर आजच फोन लावा.