दाण्या-डाळ्याचा लाडू



आमच्या खानदेशांत गोडाचें नांव निघालें कीं खापरावरचे पुरणाचे मांडे डोळ्यांपुढें उभे राहतात. ते करण्यास हातांत मोठें कसब लागतें. तें माझ्यापाशीं नाहीं, व आज शिकविण्याचाहि विचार नाहीं. ज्या पदार्थाविषयीं मी बोलणार आहें, तो ज्यास चहाखेरीज कांहीं येत नाहीं अशा पुरुषासहि अर्ध्या-पाऊण तासांत करतां येतो.

निमित्त असें घडलें. गेल्या पावसाळ्यांत पाटावरून उठतांना मला भिंतीचा आधार लागूं लागला. साठी उलटलेली, तेव्हां हें चालावयाचेंच, अशी मीं मनाची समजूत घातली. डॉक्टरांनीं मात्र औषधाआधीं जेवणाची चौकशी केली. दोन्ही वेळां भाकरी, भाजी, पातळ वरण आणि संध्याकाळीं चहाबरोबर कांहीं तरी गोड, असें मीं सांगितलें. “गुरुजी, यांत प्रथिनें कितीशीं?” जन्मभर दुसऱ्यांस प्रश्न विचारणाऱ्यास या एका प्रश्नाचें उत्तर आलें नाहीं.

उतारवयांत स्नायू झिजतात, आणि प्रथिनें कमी पडलीं म्हणजे ती झीज अधिकच वेग घेते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणें प्रौढ माणसास दर किलो वजनामागें रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसास सुमारें ५० ग्रॅम प्रथिनें हवींत. गोड तर मला सुटत नव्हतें. मग त्या गोडांतूनच तीं पोटांत जावींत, असें घरांत ठरलें. डब्यांतल्या महागड्या भुकट्या मिळतात. परंतु धुळ्याकडे भुईमूग पिकत असतां आणि जळगांवांत डाळींच्या गिरण्या चालत असतां त्या आणण्यास मन होईना.

पाव किलो शेंगदाणे, १२५ ग्रॅम डाळें, ५० ग्रॅम तीळ आणि २०० ग्रॅम मऊ गूळ घ्यावा. चिक्कीचा गूळ नको. दाणे मंद आंचेवर खमंग भाजून सालें पाखडून टाकावींत. तीळ तडतडूं लागतांच उतरावेत. डाळें नुसतें गरम करावें.

पहिल्या खेपेस मीं उतावळेपणानें गरम दाणेच मिक्सरांत घातले. तेल सुटून त्यांचा असा चिकट गोळा झाला कीं तो भांड्यांतून खरवडतांना घरांतल्या मंडळींची चांगलीच करमणूक झाली! दाणे पूर्ण निवूं द्यावेत व थांबत थांबत फिरवावेत. डाळ्याचें बारीक पीठ करून, तिळाचा कूट व किसलेला गूळ मिसळून सर्व एकदां पुन्हां फिरवावें. एवढ्यानें दाण्याचें तेल बेताचें सुटतें व तुपावांचून लाडू वळतात. लहान लिंबाएवढे पंचवीस लाडू होतात. दर लाडवांत अदमासें चार ग्रॅम प्रथिनें, म्हणजे दोन लाडवांत एका अंड्याहून कांहींशीं अधिकच.

नुसते दाणे कां घेऊं नयेत, असें कोणी विचारील. दाण्यांत लायसीन हा घटक बेताचाच; हरभऱ्यांत तो भरपूर. मेथिओनीन दोहोंतहि उणें, तें तिळांत मिळतें. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न-तंत्रज्ञान संशोधन संस्थेनेंहि पूर्वीं दाण्याचें पीठ ७५ भाग व हरभऱ्याचें २५ भाग असें पौष्टिक मिश्रण तयार केलें होतें. मला नवल वाटतें तें आमच्या आजी-पणजींचें. ज्वारींत उडीद घालून त्यांनीं कळण्याची भाकरी थापली, तींतहि धान्याची उणीव कडधान्य भरून काढतें. लायसीनचें नांवहि त्यांच्या कानावर गेलेलें नव्हतें.

दाणे निवडण्यांत मात्र आळस करूं नये. बुरशी धरलेला, काळवंडलेला किंवा कडवट दाणा सरळ फेकून द्यावा. त्यांतील अफ्लाटॉक्सिन हें विष यकृतास बाधतें व भाजल्यानेंहि पुरतें जात नाहीं. कांहीं मुलांस भुईमूग मुळींच सोसत नाहीं, त्यांस हा लाडू देऊं नये. लाडवांत तेल व गूळ दोन्हीं असल्यामुळें दिवसाकांठीं दोन पुरेत. मधुमेह्यांनीं आपल्या डॉक्टरांस विचारून खावा.

कोरड्या डब्यांत हे लाडू पंधरवडाभर चांगले राहतात. ज्यांचे दांत गेले असतील, त्यांनीं कोमट दुधांत एक लाडू कुसकरून दहा मिनिटें झांकून ठेवावा. आमच्या घरीं आतां संध्याकाळच्या चहाआधीं ती वाटी माझ्यापुढें येते, आणि नातवंडें तिच्याकडे पाहात बसतात, म्हणून डबा दर आठवड्यास नव्यानें भरावा लागतो.