खिडक्यांची नोंदवही



सातारकरांपुढे आम्ही ‘पोर्ट’ या विषयावर बोलणार म्हटल्यावर, येथे बंदर कोठले, असे कोणाच्या मनात येईल. समुद्र साताऱ्यास नाही, सांगलीसही नाही. आमचे पोर्ट म्हणजे टपालकचेरीतील खिडकी समजा. इमारत एक, पत्ता एक. पण तिकिटांची खिडकी निराळी, बचत खात्याची निराळी. सर्व्हर म्हणून जो संगणक असतो, त्यासही अशा खिडक्या असतात आणि त्यांचे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात.

एखाद्या संस्थेचे मोठे सॉफ्टवेअर म्हणजे एकच कार्यक्रम नव्हे. खाती सांभाळणारा डेटाबेस वेगळा, काउंटरवरील व्यवहार चालविणारा भाग वेगळा, अहवाल काढणारा आणखी वेगळा. प्रत्येकास स्वतःची खिडकी लागते. ओरॅकल सहसा १५२१ वर बसतो, पोस्टग्रेस ५४३२ वर, टॉमकॅट ८०८० वर. एकाच यंत्रावर दोन टॉमकॅट बसवून क्रमांक बदलावयाचे राहिले, की दुसरा उठतच नाही. १०२४ च्या आतले क्रमांक तर जुन्या वतनासारखे. १९९५ साली फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी एसएसएच रचले. २१ एफटीपीकडे, २३ टेलनेटकडे, मधला २२ मोकळा होता. त्यांनी नोंदणी ठेवणाऱ्या आयानाकडे तो मागितला आणि त्यांस तो मिळाला! आता इतक्या सहजी कोण देतो?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. तेथील एका पतसंस्थेचे यंत्र बंद करून साताऱ्याच्या यंत्रावर काम चालू करण्याची पाळी आमच्यावर आली. हिशेबाची प्रत ताजी होती, डेटाबेस उठला. काउंटरचा भाग मात्र उठेना. शाखांच्या दारांत घर सोडून आलेली माणसे पैशांसाठी उभी होती. दुपार झाली तेव्हा उलगडा झाला. त्या भागास क्रमांक दिला होता ४००१०. लिनक्स स्वतः बाहेर जोडणी करतो तेव्हा ३२७६८ ते ६०९९९ यांतली कोणतीही खिडकी तात्पुरती उघडतो. त्या दिवशी नेमकी हीच एका दुसऱ्या कार्यक्रमाच्या हाती गेली होती. ती मोकळी केली, तो पुढे फायरवॉल आडवी. सांगलीस उघडलेले क्रमांक साताऱ्यास कोणी उघडलेच नव्हते. यादी केलेली होती, नाही असे नाही. पण ती होती सांगलीच्या बंद यंत्रात. चूक आमचीच.

पुढे आम्ही सारे क्रमांक ३२७६८ च्या खाली आणले, दोन्ही गावी तेच ठेवले आणि मध्ये मोकळी जागा सोडली. नवा भाग यावयाचाच. वहीत चार रकाने आखले: क्रमांक, भाग, त्याच्याकडे कोणते यंत्र येते आणि फायरवॉलमध्ये तो कोणत्या तारखेस उघडला. वही कागदाची आहे. एक प्रत सांगलीस, दुसरी साताऱ्यास. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडी, सांगलीचे यंत्र मुद्दाम बंद करून आम्ही साताऱ्याचे चालवून पाहतो.